चार शिट्ट्यांची बाटली

दोस्तांनो, आज खरं तर संक्रांतीच्या पतंगाचं गणित सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. परवाच्या टपालात पालमहून एक पत्र आलंय, आणि त्याचं उत्तर पतंगाइतकं थांबू शकत नाही.

पालम म्हणजे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गोदावरीकाठचा हा तालुका. नदीतलं ते प्रसिद्ध जांभूळबेट इथलंच. काळी जमीन, त्यात ज्वारी, कापूस, सोयाबीन आणि तूर. पत्र लिहिणारी मैत्रीण आठवीत आहे. "नाव छापू नका, आई रागवेल," असं तिनं खाली दोन रेघा मारून लिहिलंय, म्हणून नाव गुपित.

तिची हकिकत अशी. तिचा दादा पुण्याला शिकायला असतो. त्याला ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी जिवापाड आवडते. पण शेंगा भरतात त्या दिवसांत त्याला सुट्टी नसते, आणि तो घरी येतो थेट मे महिन्यात. तेव्हा शेतात ओली तूर कुठली? मग हिनं डोकं चालवलं. हिची आत्या अमेरिकेत, न्यू जर्सीला राहते. आत्या मोबाइलवर बोलत असताना तिच्या मागच्या फळीवर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या हिला दिसल्या. मटार, गाजर, घेवडा. "फ्रीजबाहेर वर्षभर टिकतं गं, प्रेशरवर करतात," आत्या म्हणाली. झालं! हिनं जॅमच्या दोन रिकाम्या बाटल्या धुतल्या, त्यांत तुरीचे दाणे आणि मिठाचं पाणी भरलं, बाटल्या घरच्या कुकरमध्ये उभ्या केल्या, चार शिट्ट्या काढल्या आणि गरम असतानाच झाकणं घट्ट पिळली. एक बाटली दोन दिवसांनी उघडून आमटी केली. सगळ्यांनी खाल्ली, कुणाला काही झालं नाही. दुसरी फडताळात दादाची वाट बघत बसलीय. पंधरा दिवस झाले. "पाणी स्वच्छ आहे, झाकण फुगलेलं नाही. म्हणजे माझा प्रयोग यशस्वी झाला ना?"

मुली, पुढचं वाचण्याआधी एक काम कर. ती दुसरी बाटली उघडू नकोस. वास घेऊन बघू नकोस, आणि चाखून तर मुळीच नाही. आईला सगळं सांग (रागावू दे, पाच मिनिटं रागावेल). मोठ्या माणसाच्या हातून ती बंद बाटली तशीच एका जाड पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरून टाका. "फेकायचं कशाला, कोंबड्यांना घालू," असं आजी म्हणाली तरी ऐकायचं नाही. कोंबड्या, गाई-म्हशी, सगळ्यांना हा धोका तसाच आहे. पुरल्यावर हात साबणानं धुवा.

झालं काम? आता बस निवांत. कारण तुझ्या प्रयोगात अक्कल होती, आणि चूक जिथं झाली तिथं भल्याभल्यांची झालेली आहे.

सुरुवात तुमच्या सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीनं करू. गरमागरम भाजी स्टीलच्या डब्यात भरली, झाकण लावलं, आणि मधल्या सुट्टीत ते झाकण काही केल्या निघेना. असं झालंय ना? गरम असताना डब्यातली बरीचशी हवा वाफेनं बाहेर हाकललेली असते. डबा गार होतो, वाफेचं पाणी होतं, आत पोकळी राहते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. आत्याच्या बरणीचं झाकण असंच चिकटतं. त्याला गोंद लागत नाही की स्क्रू लागत नाही. बाहेरची हवा फुकटात पहारा करते.

ही युक्ती पहिल्यांदा पक्की केली ती निकोला आपेर नावाच्या फ्रेंच माणसानं. पॅरिसमध्ये तो मिठाई करायचा. अन्न काचेच्या बाटल्यांत भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या, असा त्याचा खटाटोप कित्येक वर्षं चालला. १८१० साली फ्रान्सच्या सरकारनं त्याला बारा हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. लढाईवर गेलेल्या सैन्याला आणि दर्यावर्दी लोकांना टिकाऊ अन्न हवं होतं ना! त्याच वर्षी इंग्लंडात काचेऐवजी पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. गंमत म्हणजे डबे आधी आले आणि ते उघडायची किल्ली पुढं चाळीस-पन्नास वर्षांनी. तोपर्यंत छिन्नी आणि हातोडी!

पण अन्न टिकतं का, हे आपेरलाही ठाऊक नव्हतं. हवा गेली म्हणून टिकतं, असं त्या काळचे शहाणे लोक म्हणत. खरं कारण, म्हणजे उष्णतेनं जंतू मरतात आणि बंद झाकणामुळं नवे आत येत नाहीत, हे लुई पाश्चरच्या प्रयोगांमुळं पुढं पन्नासेक वर्षांनी कळलं. आणि "हवा गेली की झालं" या समजुतीत एक मोठा खड्डा होता.

डिसेंबर १८९५. बेल्जियममधलं एक खेडं. एका अंत्ययात्रेत वाजवायला बँडवाले आले होते. काम संपल्यावर त्यांना जेवणात खारवलेलं मांस वाढलं. त्या मांसाला ना घाण वास होता ना वाईट चव. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या मिटायला लागल्या, घास गिळता येईना. तिघं दगावले. घेंट विद्यापीठातल्या एमिल व्हान एर्मेन्गेम या प्राध्यापकांनी उरलेलं मांस तपासलं आणि त्यातून एक जंतू शोधून काढला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात, आणि त्या आजाराला बोट्युलिझम. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिन भाषेत मांसाचं सॉसेज. जर्मनीत त्याआधी सॉसेज खाऊन अशीच माणसं आजारी पडली होती, म्हणून ते नाव.

या जंतूची तऱ्हा नीट समजून घ्या, सगळं रहस्य तिच्यात आहे. हा राहतो मातीत. पालमच्या काळ्या मातीत, न्यू जर्सीच्या मातीत, कुठंही. मातीत तो बीजाणूच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपलेला जंतू समजा. शेंगांबरोबर, गाजराबरोबर तो रोज आपल्या घरात येतो, पोटातही जातो, आणि मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही. (वर्षाच्या आतलं बाळ मात्र वेगळं. त्याच्या आतड्यात हा बीजाणू जागा होऊ शकतो, आणि मधात तो कधी कधी सापडतो. म्हणून बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला मध चाटवायचा नाही. घरात धाकटं भावंडं असेल तर हे वाक्य आजीला मोठ्यानं वाचून दाखवा.)

हा जंतू जागा होतो तो हवा नसेल तेव्हा. सोबत ओलावा हवा, ऊब हवी आणि आंबटपणा नको. आता फडताळातली ती बाटली आठवा. दाणे, पाणी, बंद झाकण, हवा बाहेर. त्याला मनासारखं घर मिळालं की! उघड्या पातेल्यातली आमटी दुसऱ्या दिवशी फेसाळते, आंबूस वास सुटतो, आपण टाकून देतो. तो वास आणि फेस म्हणजे दुसऱ्या जंतूंनी आपल्याला दिलेली दवंडी असते. उकळीत ते बिचारे दुसरे जंतू मेले, आणि दवंडी पिटणारं कुणी उरलंच नाही. बोट्युलिनमचं विष तयार झालं तरी पाणी स्वच्छ राहू शकतं, वास येत नाही, झाकणही फुगेलच असं नाही. "झाकण फुगलेलं नाही" हा तुझा पुरावा म्हणूनच चालत नाही.

मग पहिल्या बाटलीनं काही कसं झालं नाही? दोन दिवसांत बहुधा बीजाणू जागेच झाले नसतील. शिवाय आमटीला चांगली उकळी आली असेल. हे विष दहा मिनिटं खळखळून उकळलं की मोडतं. इथं तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, "मग प्रत्येक बाटली उकळूनच खाऊ की!" नको. चमचा चाटला, बोट लागलं, उकळी कमी पडली, तर? या विषाचा डोळ्याला न दिसणारा कणही माणसाला आडवा करतो.

आणि हे सगळं दूर परदेशातलं आहे असंही समजू नका. १९९६ साली गुजरातेत एका निवासी शाळेतली बरीच मुलं अशीच आजारी पडली होती. तपास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यातल्या बेसनाच्या शेवेत याच जातीच्या विषाचा, बोट्युलिनमच्या एका भाऊबंद जंतूचा माग लागला.

आता आकडे. साधे जंतू उकळत्या पाण्यात काही मिनिटांत मरतात. या बीजाणूंचं काय? १९२२ साली अमेरिकेत एस्टी आणि मायर या दोघांनी मोजून पाहिलं. १०० अंश सेल्सिअसला सगळ्यात चिवट बीजाणू मारायला साडेपाच तास लागले! आणि १२१ अंशाला? तीन मिनिटांच्या आत खलास. नुसत्या २१ अंशांचा हा फरक. आता कुणी म्हणेल, मग पाणी जोरात उकळू. तुम्ही चुलीत कितीही लाकडं सारा, उघड्या भांड्यातलं पाणी १०० च्या वर जात नाही. फक्त लवकर आटतं. १०० ची वेस ओलांडायची तर वाफ कोंडायला हवी. म्हणून प्रेशर. प्रेशर स्वतः जंतू मारत नाही बरं का! प्रेशरमुळं पाणी जास्त तापतं, आणि जंतू मारते ती उष्णता.

वाफ कोंडायची युक्ती डेनिस पापँ यानं १६७९ साली लंडनला दाखवली होती. त्याच्या भांड्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. त्यालाच वाफ सोडणारी सुरक्षा-झडपही बसवावी लागली, आणि का ते मला आमच्या घरी कळलं. माझ्या लहानपणी एकदा कुकरच्या नळीत तुरीच्या डाळीचं साल अडकलं. शिट्टी होईना, आई शेजारी बोलत उभी, आणि फाट् करून बाजूचा व्हॉल्व्ह उडाला. वरणाचा जो फवारा उडाला त्याचा पिवळा डाग पुढच्या दिवाळीच्या रंगापर्यंत छतावर होता. तेवढ्यावर निभावलं. कुकरच्या झाकणाचा व्यास वीस सेंटीमीटर धरा आणि क्षेत्रफळ काढा: ३१४ चौरस सेंटीमीटर. आतून दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब. म्हणजे झाकणाला खालून वर ढकलणारा जोर तीनशे किलोंच्या वर! शंभर किलोची तीन पोती ज्वारी. जुना चिरलेला रबर, बुजलेली नळी असा कुकर गॅसवर चढवणाऱ्या घरच्या मोठ्यांना हे गणित करून दाखवाच.

"मग माझ्या कुकरमध्ये १२० अंश होतातच ना? चार शिट्ट्या म्हणजे वीसेक मिनिटं. मेले असतील की बीजाणू!"

हा प्रश्न चांगला आहे. इथंच खरी मेख आहे. कुकरमधली वाफ १२० अंशांची असेलही, पण बाटलीच्या पोटातला दाणा? काच तापायची, मग पाणी, मग मधोमध बसलेला दाणा. उष्णता आत शिरायला वेळ लागतो. म्हणून तर बीजाणूला तीन मिनिटं पुरत असली तरी अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पुस्तिकेत मटाराच्या बरणीला पूर्ण दाब आल्यापासून ४० मिनिटं दिलेली आहेत. बरणीच्या गाभ्यात तापमापक खुपसून, पुन:पुन्हा मोजून काढलेली ती वेळ आहे. मटाराची वेळ तुरीच्या दाण्याला लावायची नाही, आणि मटाराची वेळ घट्ट वरणाला तर नाहीच. घट्ट पदार्थात पाणी फिरत नाही, गाभा गारच राहतो.

दुसरं, शिट्टी हे काही माप नाही. एका घरी शिट्टी तीन मिनिटांनी होते, दुसऱ्या घरी सात. शिट्टी वाजली की वाफ भस्सकन जाते, दाब खाली येतो, पुन्हा चढतो. भाताला चालतं. बीजाणूला ती मधली विश्रांती मिळते.

तिसरं, अडकलेली हवा. वाफेत हवा मिसळलेली राहिली तर दाब तेवढाच दिसतो पण तापमान कमी भरतं. आणि चौथं, घरचा पाच लिटरचा कुकर लगेच तापतो, लगेच निवतो. पुस्तिकेतल्या वेळा धरल्यात त्या मोठ्या, सावकाश तापणाऱ्या आणि सावकाश निवणाऱ्या भांड्यासाठी. त्या भांड्याला कॅनर म्हणतात. निदान चार मोठ्या बरण्या उभ्या मावतील एवढा तो दांडगा असतो. आत्याकडे तो आहे. फळीवरच्या बरण्या तेवढ्या मोबाइलमध्ये दिसल्या, कॅनर ओट्याखाली राहिला!

आत्या करते ते मी तुम्हाला सांगतो, करून बघायला नाही, समजायला. बरण्या खास याच कामाच्या असतात. आपल्या जॅमच्या बाटल्या त्या दाबाला तडकू शकतात, त्या तडकल्या नाहीत हे नशीब. झाकणं दर वेळी नवी. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर अडीच सेंटीमीटर जागा सोडायची. कॅनरच्या तळाला जाळी, त्यावर बरण्या, आणि पाणी फक्त पाच-सात सेंटीमीटर. झाकण आवळायचं, पण वजन ठेवायचं नाही. नळीतून वाफेचा जोरदार झोत येऊ लागला की दहा मिनिटं तो तसाच सोडायचा. ही दहा मिनिटं हवा हाकलायची. मग वजन ठेवायचं, दाब पुरा आला की घड्याळ लावायचं. मधेच दाब घसरला तर? पुन्हा पहिल्यापासून, शून्यापासून मोजायचं. पस्तिसाव्या मिनिटाला गॅस संपला तरी! शेवटी आच बंद करून भांडं आपोआप निवू द्यायचं. आपण घाईत कुकर नळाखाली धरतो ना, ते इथं अजिबात नाही. बरण्यांतलं पाणी उसळून बाहेर येतं, झाकणं सैल होतात. बरण्या बाहेर काढल्यावर रात्रभर हलवायच्या नाहीत. सकाळी झाकणाच्या मधे बोटानं दाबायचं. आत बसलेलं असेल आणि टक् करत नसेल तर हवेचा पहारा बसला.

एवढं सगळं आत्याचं बघून जसंच्या तसं पालममध्ये केलं, तरी ते चुकलं असतं. का, सांगा पाहू? भूगोलाचं पुस्तक काढा. न्यू जर्सीचा बराचसा भाग समुद्राच्या पातळीला लागून. तिथं कॅनरवर दहा पौंडांचं वजन ठेवतात, त्यावर सुमारे ११६ अंश मिळतात. परभणीचा भाग समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर वर. जसजसं वर जावं तशी हवा विरळ होते आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. म्हणजे तुमच्याकडं पाणी १०० ला उकळतच नाही, पावणेनव्याण्णवच्या आसपास उकळतं! पुस्तिकेत नियम आहे: एक हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर ओलांडलं की दहाचं नव्हे, पंधरा पौंडांचं वजन. पालम त्या रेषेच्या वर आहे. आत्याला हे ठाऊक असायचं कारण नाही, तिला तिच्या गावापुरतं लागतं.

आणखी एक अडचण, ती तर माझ्या मते सगळ्यात मोठी. बरणी बिनचूक झाली तरी ती ३५ अंशांच्या वर तापणाऱ्या जागी ठेवायची नाही, असं तीच पुस्तिका सांगते. कारण १२१ अंश सोसूनही उरणारे काही उष्णताप्रेमी जंतू असतात. ते विषारी नसतात, पण अन्न आंबवतात. आता पालममधला मे महिना डोळ्यांपुढं आणा. बाहेर बेचाळीस, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. दादा यायच्या आतच बरणीचा निकाल लागलेला!

म्हणून आपल्याकडं सुरुवात आंबटापासून करावी. बोट्युलिनमला आंबट सोसत नाही. आंबटपणा मोजायचं एक माप आहे, पीएच. आकडा जितका लहान तितकं आंबट. ४.६ च्या खाली हा जंतू वाढत नाही. कैरी, लिंबू, आवळा, चिंच हे बरेच खाली. म्हणून आजीचं कैरीचं लोणचं कुठल्याही कॅनरशिवाय वर्षभर टिकतं: आंबट आहे, मीठ भरपूर आहे. रत्नागिरीकडं आमरसाचे डबे भरतात, 'कॅनिंगचा आंबा' हा शब्दच तिकडच्या बाजारात रुळलाय. त्या डब्यांना उकळतं पाणी पुरतं, कारण रस आंबटाच्या बाजूला आहे आणि शिवाय त्यात थोडं सायट्रिक आम्ल घालतात. टोमॅटो मात्र फसवा. जिभेला आंबट लागतो, पण एखाद्याचा पीएच ४.६ च्या पलीकडं जातो. म्हणून टोमॅटोच्या अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालायचा नियम आहे. बाटलीतला अशासाठी की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो. झाडावरच्या प्रत्येक लिंबाचा वेगळा. तूर, मटार, भुईमूग, गाजर, मका, मांस, दूध हे सगळे आंबट नसलेल्या बाजूचे. यांना प्रेशरशिवाय बरणी नाही, हे अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९१७ सालीच सांगून ठेवलंय.

कुणाला याचं खरं शिक्षण घ्यायचं असेल तर लांब जायला नको. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, १९७६ पासून. सहल काढायची असेल तर शाळेतल्या सरांना ती सुचवून बघा. तापमापक बरणीच्या पोटात कसा घालतात हे मला स्वतःला कधीपासून बघायचंय.

दादाच्या आमटीचं काय, ते राहिलंच. फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा असेल तर दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून काढ, लगेच गार पाण्यात टाक, निथळून पिशवीत भरून त्या कप्प्यात ठेव. पण पालमला वीज उन्हाळ्यात जाते-येते, चार-चार तास गेली तर भरवसा नाही. त्यापेक्षा आजीला विचार. कुरडया, सांडगे, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा हे सगळं तिला येतं, आणि त्या मागचं शास्त्र सोपं आहे: पाणीच काढून घेतलं तर जंतूला जगायला काही उरत नाही. कोवळे दाणे सोल, तीन-चार मिनिटं उकळत्या पाण्यात घाल म्हणजे हिरवेपणा बराचसा टिकेल, निथळ, आणि स्वच्छ धोतरावर पातळ पसर. वरून दुसरं विरळ कापड. थंडीतलं ऊन चांगलं असतं, पण संध्याकाळी दव पडायच्या आत घरात आणायला विसरू नकोस. डब्यात टाकल्यावर दाणे खडखड वाजले पाहिजेत, नखानं दाबले तर दबता कामा नये. मग कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेव. पावसाळी हवा असेल त्या दिवशी डबा उघडू नकोस. मेमध्ये दादा येईल त्याच्या आदल्या रात्री भिजत घाल आणि सकाळी तुमच्या त्याच कुकरमध्ये शिजव. चार शिट्ट्या इथं हव्या तेवढ्या काढ. चव शेतातल्या शेंगेसारखी हुबेहूब येणार नाही, थोडी गोडी कमी होईल. लसणाची फोडणी जरा सढळ दिलीस तर दादाच्या लक्षात येणार नाही.

शेंगा अजून शेतात असतील तर या रविवारीच बस. आणि बाटली पुरलीत की दोन ओळी लिहून कळव, मी वाट बघतोय.